खालच्या अंगणातला नमुना

स्टीलच्या वाडग्यात सात गोगलगायी होत्या. पाच आतून काठाला चिकटलेल्या, एक तळाशी बुडालेली, आणि एकीचं कवच फुटलेलं, म्हणजे कुणीतरी ती दातांत धरून पाहिलेली. पाणी निम्म्याला. पाण्यात दोन केस, टोकाला पांढरे आणि मुळाशी तपकिरी. वाडग्याशेजारी घडी घातलेलं पोतं, त्याच्या मधोमध कुत्रा गोल वळून झोपला की पडतो तसा खळगा. पोत्यापासून दोन हातांवर, भिंतीच्या कडेला, उंदराच्या लेंड्या, अकरा, ताज्या. वाफ्यात कोबीचे सहा गड्डे, चारांच्या पानांना भोकं. एक प्लास्टिकची खुर्ची. आणि त्या खुर्चीसमोर, माणसं बोलायला बसतात तेवढ्या अंतरावर, हिरव्या पट्ट्यांचं घडीचं स्टूल, जे ती गेले दोन महिने आपल्या स्वयंपाकघरात शोधत होती.

ती चादर न्यायला आली होती. प्रयोगशाळेतलं पाणी गेलं म्हणून तासाभरातच सगळ्यांना घरी सोडलं होतं. सकाळी निघताना धुऊन वाळत घातलेली चादर वाऱ्यानं तिसऱ्या मजल्यावरून उचलून खालच्या अंगणात टाकली होती, फाटकातून वर पाहिलं तर दोरी रिकामी होती. एवढंच. वरून हे अंगण दिसत नसे, पत्र्याची पडवी तेवढी दिसायची आणि पत्र्यावर पडलेला एक जुना बूट. इमारतीत राहायला येऊन चार वर्षं झाली, पण या पत्र्याखाली काय आहे हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता, आणि आता ती इथे उभी राहून मोजत होती, कारण काही अंगावर आलं की ती मोजायला लागते. आई गेली त्या दिवशी दवाखान्याच्या खोलीत छताच्या चौकटी मोजल्या होत्या. मोजलं की गोष्ट थोडी लांब जाते, काचेखाली जाते. पण स्टूल एकच होतं, ते कितीदाही मोजलं तरी एकच भरत होतं.

"चादर ना? मी उचलून ठेवलीय आत, माती लागली असती." तळमजल्यावरच्या शिवणवाल्या बाई दारात आल्या. गळ्यात मोजपट्टी, ब्लाउजच्या छातीवर टोचलेल्या तीन सुया. "या की बसा. तुम्ही ढब्बूच्या ताई ना?"

"कोणाच्या?"

बाई हसल्या आणि जिन्याकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, मोठ्यानं नाही, सवयीनं, स्वयंपाकघरातून आतल्या खोलीत मारावी तशी. "ढब्बू!" आणि वर तिसऱ्या मजल्यावर दार करकरलं, पायऱ्यांवर नखं वाजली, खटखट खटखट, जिन्याच्या शेवटच्या तीन पायऱ्या एका उडीत. अणू. तिनं चपलेच्या खोक्यातून आणलेला, तेव्हा इतका लहान की दुसरं नाव सुचलंच नाही. तो आधी बाईंच्या पायांशी गेला, पोत्यावर एक फेरी मारली आणि मग त्याला ती दिसली. शेपटी हलली. तीच शेपटी, तेवढीच हलली, कमी नाही. ते तिनं नीट पाहिलं. पण दुसऱ्यांदा हलली. त्याच्यामागून बाबा उतरले, हातात थर्मास, इस्त्रीचा सदरा. कामाच्या दिवशी साडेदहा वाजता बाबांच्या अंगात इस्त्रीचा सदरा.

"अगं, तू? आज गेली नाहीस?" डबा न खाता खेळायला आलेल्या मुलाच्या आवाजात ते म्हणाले.

"पाणी गेलंय. तुमचा हात कसा आहे?"

हा प्रश्न तिनं का विचारला ते तिलाही तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं. बाईंच्या मशीनशेजारच्या टेबलावर खाकी कागद पसरलेला होता आणि त्यावर बाबांची वक्रपट्टी होती, पिवळी पडलेली, ज्या पट्टीनं त्यांनी तीस वर्षं पुलांचे आणि गोदामांचे नकाशे काढले. कागदावर बाहीचा गोल काढलेला होता. एका दमात ओढलेली रेघ, सुरुवातीला आणि शेवटाला सारखीच जाड. सहा महिन्यांपूर्वी तिनं त्यांना प्रयोगशाळेच्या भिंतीसाठी जंताच्या जीवनचक्राची एक आकृती काढून मागितली होती. कुत्रा, गोगलगाय, पुन्हा कुत्रा, चार बाण. बाबा म्हणाले होते, हात थरथरतो गं आता, छापील घे एखादी. तिनं छापील घेतली होती आणि त्या रात्री त्यांच्यासाठी औषधाच्या पेटीत आणखी एक गोळी वाढवली होती.

वर जाताना अणू दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबला. तोंड उघडं, जीभ बाहेर, मान खाली वळवून तो चढून आलेल्या पायऱ्यांकडे पाहत राहिला. पूर्वी तो थांबत नसे. तिच्यापुढे पोचून दारावर पंजा मारायचा. "चल," ती म्हणाली. तो पाहत राहिला. पाय वर आले आणि जीव खाली राहिला, तिनं मनाशी म्हटलं, आणि गळपट्टा हवा होता त्यापेक्षा जरा जोरात ओढला.

दर महिन्याला त्याच्या मानेवर ती गोचिडांचं औषध घालते. फुप्फुसातल्या जंतावरचं जरा वेगळं मिळतं, ते ती घालत नव्हती, आणि तो काही आळस नव्हता, विचार करून घेतलेला निर्णय होता: तिसऱ्या मजल्यावरचा कुत्रा, सकाळ-संध्याकाळ फरसबंद रस्त्यावर पट्ट्यानं फिरणारा, माती नाही, ओलं गवत नाही, गोगलगाय त्याच्या आयुष्यात येणारच कुठून? नको असलेलं औषध द्यायचं नाही हे तिनं स्वतः शिकाऊ मुलांना सांगितलं होतं. त्या निर्णयाच्या मुळाशी एक गृहीत होतं की या कुत्र्याचं आयुष्य तिला पूर्ण माहीत आहे. आता तिला त्यातले रोजचे पाच तास माहीत नव्हते असं निघालं. साडेदहा ते साडेतीन. तेवढ्या वेळात त्याला दुसरं नाव होतं, दुसरं भांडं होतं, दुसरं अंथरूण होतं. आणि बाबांना? तिनं तो प्रश्न अर्ध्यावर सोडला आणि पोळपाट-लाटण्याचा नको तितका आवाज केला.

"किती दिवस चाललंय?" जेवताना तिनं विचारलं.

"काय चाललंय?"

"खाली जाणं."

"चाललंय कसलं, माझे आई. कुत्रं भुंकत होतं घरात, त्या म्हणाल्या आणा खाली, मोकळं फिरेल. मग मी एकटा वर बसून भिंती बघू?"

"मला सांगायचं तरी."

"तू विचारलं नाहीस." बाबांनी पोळीचा तुकडा मोडला. "तू आल्यावर विचारतेस, गोळी घेतली का, शू केली का. दोघांनाही तेच विचारतेस."

हा विनोद होता. आईला तो आवडला असता, तिनं तोंडाला पदर लावून हसून घेतलं असतं. हिला हसू आलं नाही, कारण विनोदाची धार नवी होती, खाली घासून आणलेली होती. या घरात दोन वर्षांत कुणी काही घासलं नव्हतं. कुत्रा आणला तो बाबांसाठी असंच ती सगळ्यांना सांगायची, बाबांना सोबत म्हणून. खरं असं होतं की आई गेल्यावर दार उघडलं की आत काहीच हलायचं नाही. बाबा खुर्चीत असायचे, पण हलायचे नाहीत. तिला दाराशी येणारं काहीतरी हवं होतं. तो यायचा. अजूनही येत होता. फक्त आता तिला ठाऊक झालं होतं की दिवसभर पोट भरलेला माणूस रात्री घरच्यांचं मन राखायला दोन घास खातो, तसा तो येत असेल.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना ती वाकडी वाट करून अंगणातून गेली. बाई अजून उठल्या नव्हत्या, मशीनवर कापड झाकलेलं होतं. कोबीच्या वाफ्याच्या कडेला, ओल्या मातीवर, आदल्या दिवशीची अणूची शी होती. त्याचीच, तिला ओळखता येते, यात अभिमान वाटण्यासारखं काही नाही पण तिला वाटतो. तिनं ती डबीत उचलली. खालची थोडी माती आली ती तिनं काठीनं बाजूला केली. प्रयोगशाळेत तिनं नमुना जाळीदार कापडात बांधला, काचेच्या नरसाळ्यात कोमट पाण्यात टांगला, नरसाळ्याच्या नळीला चिमटा लावला. फार साधी आणि फार सुंदर पद्धत आहे ती, तिला नेहमीच आवडत आलेली: अळ्यांना ऊब आणि पाणी लागलं की त्या शीतून बाहेर येतात, पण त्यांना वर पोहता येत नाही, म्हणून रात्रभर वळवळत हळूहळू खाली नळीत येऊन साठतात. काही करावं लागत नाही. वाट पाहिली की जे आहे ते आपोआप तळाशी येतं.

सकाळी चिमटा सैल करून तिनं तळाचं पाणी काचेवर घेतलं. पहिल्याच थेंबात हालचाल होती. चाबकासारखे फटके मारणारी, पारदर्शक, जिवंत. तिनं मोजल्या: तेवीस. आयोडीनचा थेंब टाकून त्यांना स्थिर करायचं असतं, मोठ्या भिंगाखाली एकेकीची शेपटी पाहायची असते, लांबी मोजायची असते. तिनं एकीची शेपटी पाहिली. ती वळवळत होती आणि एका क्षणी शेपटीत काहीतरी वाकडं दिसलं. पुरे होतं. छातीत जे झालं त्याला दुःख म्हणता आलं नसतं. परीक्षेत आपलंच उत्तर बरोबर निघाल्यावर होतं ते झालं. काच धुऊन टाकायला ती उठली, मग थांबली आणि काच तिनं, वाळू नये म्हणून, ओल्या पेटीत जपून ठेवली. पुरावा म्हणून.

दुपारी खाली अंगणात तिनं आवाज चढवला नाही. आवाज चढवणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. ती स्टुलावर, आपल्या स्टुलावर, बसली आणि कामाच्या आवाजात बोलली. गोगलगायीच्या अंगात जंताची अळी असते. कुत्रा तिला खातो, किंवा तिचा ओघळ लागलेलं पाणी पितो. अळी आतड्यातून रक्तात जाते, हृदयाच्या उजव्या कप्प्याशी आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत मोठी होते. मग रक्त नीट गोठत नाही. काही कुत्र्यांच्या नाकातून रक्त येतं, काही नुसती एक दिवस खाली बसतात. उंदीर चावून खाल्ला तर आणखी वेगळे जंत, पट्टीसारखे. म्हणून भांडं रात्री बाहेर ठेवायचं नसतं, खेळणी ओल्या गवतात टाकायची नसतात, अडगळीचा ढीग उंदरांना ठेवायचा नसतो. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

बाईंच्या हातातली कात्री टेबलावर ठेवली गेली. "म्हणजे माझ्यामुळं?"

इथे माणसं म्हणतात, अहो नाही, तसं नाही. ती म्हणाली, "सापडल्यात तेवीस."

"अगं, त्यांना काय माहीत असणार?" बाबा म्हणाले. "कोबी लावला त्यांनी, जंत लावले नाहीत."

"मी कुठं काय म्हटलं, बाबा? मी आकडा सांगतेय."

"आकडा पण तू असा सांगतेस ना," बाबा म्हणाले.

बाईंनी ढब्बूकडे पाहिलं, तो पोत्यावर पसरला होता, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी मोजपट्टीच्या टोकानं पुसलं. "मला वाटायचं मोकळी हवा लागतेय पोराला," त्या म्हणाल्या. पोराला! या एका शब्दानंतर त्या बाईंच्या रडण्याकडे तिला धड पाहताही आलं नाही. आईसुद्धा तिच्याबद्दल बोलताना पोर म्हणायची, पोर दमलीय, पोर जेवली नाही. दोन वर्षांत तो शब्द या इमारतीत कुणी तिच्यासाठी वापरला नव्हता, आणि इथे, सहा कोबी आणि एक पोतं यांच्या मध्ये, तो तिच्या कुत्र्याला रोज फुकट मिळत होता.

त्याच संध्याकाळी बाईंनी कोबी उपटला. सगळे सहा, भोकं नसलेलेसुद्धा. तिनं गच्चीच्या कठड्यावरून पाहिलं. पत्र्यामुळे बाई दिसत नव्हत्या, पण उपटलेलं एकेक झाड पत्र्याच्या सावलीतून बाहेर फेकलं जाताना दिसत होतं. पुढच्या दिवसांत अडगळ गेली, भिंतीच्या कडेची बिळं सिमेंटनं बुजली, वाफ्यावर चुनखडी पडली, वाडगा पालथा घालून खिडकीत गेला. बाबा खाली जाईनासे झाले. कुणी त्यांना मनाई केली नव्हती. साडेदहाला अणू दाराशी जाऊन उभा राहायचा, बाबा त्याच्याकडे पाहायचे, मग वर्तमानपत्राचं तेच पान परत उघडायचे. हे तिला कसं कळलं? तिनं एक दिवस डोकं दुखतंय म्हणून रजा काढली आणि आतल्या खोलीत पडून ऐकलं. दोघंही इतके शांत होते की घर पुन्हा आई गेल्यानंतरच्या घरासारखं झालं होतं, आणि ते तिचं होतं, पूर्ण तिचं. संध्याकाळी अणूला फिरवून आणताना तो आता दोन्ही वळणांवर थांबायला लागला. पहिल्या मजल्याच्या आणि दुसऱ्याच्याही. बसायचाच. तोंड उघडं टाकून, फासळ्या भराभर हलवत, खाली बघत. "विसरशील हळूहळू," ती त्याला म्हणायची आणि पायरीवर त्याच्याशेजारी बसून वाट पाहायची. या काही मिनिटांत तिला त्याच्याविषयी फार माया वाटे. जिंकलेल्या माणसाला हरलेल्याविषयी वाटते तसली असेल. पण माया होती.

औषध अजून दिलं नव्हतं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले होते, तुमच्या मॅडमनी काच बघितली का? त्यांची सही आणा, मग सुरू करू. एकदम सगळे जंत मेले तर त्याला दम लागेल, अंदाज हवा. मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, साठीला आलेल्या, चष्मा कपाळावर ठेवून सगळीकडे तो शोधणाऱ्या. त्यांनी ओल्या पेटीतली काच घेतली, आयोडीन टाकलं आणि भिंग फिरवलं. मग त्यांच्या खांद्यांची हालचाल झाली. त्या हसत होत्या.

"कुठनं उचललास गं नमुना?"

"अंगणातून."

"फरशीवरनं?"

"मातीवरून. पण मी खालची बाजू काढून..."

"किती वेळ पडला होता?"

तिनं पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"ये. बघ इथं." मॅडमनी तिला स्टूल दिलं. "ही तुझी अळी. हिच्या पोटात काय दिसतंय?"

भिंगात, आयोडीननं तपकिरी झालेल्या त्या देहाच्या मधोमध, माळेसारखी ओळीनं लागलेली अंडी होती. चार. "अंडी," ती म्हणाली.

"फुप्फुसातल्या जंताची शीमध्ये येणारी अळी म्हणजे तान्हं बाळ. तान्ह्या बाळाच्या पोटात अंडी कशी असतील, माझे बाई? ही मातीतली बया आहे. चांगली पोटुशी. कुजकं दिसलं की येते चढून. कुत्र्याचा आणि हिचा संबंध एवढाच, की हिच्या दारात तो जाऊन बसला." मॅडमनी पुढची अळी भिंगाखाली आणली. "आणि शेपट्या बघ. सरळ सुईसारख्या. आपल्या जंताच्या शेपटीला खाच असते, मुडपल्यासारखी, वर बारीकसा काटा. हे तूच शिकवतेस ना मुलांना?"

तीच शिकवत होती. पहिल्याच तासाला, फळ्यावर दोन शेपट्या काढून. मातीवरचा नमुना घेऊ नका, माती खोटं बोलते, असं वाक्यसुद्धा तिनं ठरवून ठेवलं होतं, मुलं हसायची. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. आपण दुर्बिणीतून तारा पाहायला बसावं आणि भिंगावरची माशी पाहून ग्रह सापडला म्हणून नाचावं, तसं. पण माशी पाहणाऱ्याला निदान ग्रह हवा असतो. तिला काय हवं होतं? मॅडमनी तिच्या पाठीवर थाप मारली. "आपल्या घरचं जनावर असलं की डोळा घाबरतो. होतं असं. तीन दिवसांचा ताजा घे, कागदावर झेलून, जमिनीला लागू द्यायचा नाही. मी बघते." डोळा घाबरतो. मॅडमना वाटलं डोळा घाबरला होता. तिनं ते तसंच राहू दिलं.

दोन दिवस ती पहाटे अणूमागे वर्तमानपत्र घेऊन फिरली, वाकून, ऐन क्षणी कागद पुढे सरकवत. रस्त्यावरची माणसं पाहून हसली. घरी तिनं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं अजून काही नाही, दुसरी तपासणी व्हायचीय, असं तिनं स्वतःला पटवलं, आणि शास्त्राच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी डबी भरून ती वर आली तर बाबा खिडकीशी वक्रपट्टी पुसत बसले होते. धूळ नसलेली पट्टी. ते पट्टी पुसत होते आणि परत पुसत होते, आणि तिला एकदम त्यांचं वय दिसलं, आकडा नव्हे, वय.

"बाबा, ते जंत त्याच्यातले नव्हते."

"कुठले?"

"मातीतले होते. माझी चूक झाली. मातीवरून उचललं मी."

बाबांनी चष्मा काढला. ती त्यांच्या ओरडण्याची वाट पाहत होती, ओरडा ही निदान घरातल्या माणसाला मिळणारी गोष्ट असते. "म्हणजे त्याला काही नाही?"

"आज पुन्हा लावतेय. उद्या कळेल. पण ते तेवीस... ते काहीच नव्हते."

"काहीच नव्हते," बाबा म्हणाले. ते उठले. त्यांनी सदरा शोधला नाही, बनियनवरच ते दाराकडे गेले, चपलांत पाय उलटसुलट घातले. अणू त्यांच्या आधी बाहेर. पट्टा खुंटीवरच राहिला. ती दारात डबी घेऊन उभी होती आणि जिना खालपर्यंत ऐकू येत होता: नखं, चपला, मग बाईंचा आवाज, आधी प्रश्नासारखा, मग एकदम उंच, "अगं बाई! ढब्बू! अरे सोन्या, अरे माझ्या..." आणि बाबा हसले. तिनं ते हसू ओळखलं नाही आधी. ते आईबरोबरचं हसू नव्हतं, ते असतं तर तिला एक वेळ सोसलं असतं, त्याला आठवण म्हणता आलं असतं. हे तिनं कधीच न ऐकलेलं होतं. बाबांकडे असं एक हसू होतं आणि तीस वर्षांत ते घरात कुणाला मिळालं नव्हतं, ना आईला, ना तिला. खाली मशीनचं चाक एकदा उगाच फिरलं. कुणीतरी म्हणालं, थांबा, चहा टाकते. तिच्या चुकीबद्दल कुणी काही बोललं का हे ऐकण्यासाठी ती दोन पायऱ्या उतरली. कुणी बोलत नव्हतं. तिला त्यांनी तिथल्या तिथे माफ केलं होतं, इतक्या चटकन, की त्यांच्या गप्पांत तिचा विषयच उरला नव्हता.

प्रयोगशाळेत तिनं तिन्ही दिवसांचे नमुने एकत्र केले, दहा ग्रॅम वजन केलं, कापडात बांधलं, नरसाळ्यात सोडलं. पाणी कोमट आहे का ते मनगटावर पाहिलं, आई दूध पाहायची तसं. चिमटा लावला. आणि मग, काच पुसता पुसता, तिच्या मनात एक गोष्ट इतक्या साध्या रीतीनं आली की तिला ती आधी विचार वाटलीच नाही: असू देत. एक तरी असू दे. तिनं हात थांबवला. त्या काचेच्या निमुळत्या भागात गढूळ पाण्यातून काही खाली येतंय का ते ती पाहत होती, नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही हे माहीत असूनही पाहत होती. त्याच्या फुप्फुसात. तिच्या अणूच्या, चपलेच्या खोक्यातून आणलेल्या, त्याच्या रक्तात ती किडे मागत होती, म्हणजे खाली जाऊन तिला सांगता येईल की बघा. नको, तिनं म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, पलीकडे बाटल्या धुणाऱ्या बाईनं वळून पाहिलं. नको, शून्य येऊ दे. मग ती पुन्हा ऐकत राहिली, आपल्याच आत, आणि त्या नकोच्या खाली, तळाशी, ते अजून होतं. ते तिथून हललं नव्हतं. ते सापडायला कुठल्या उबेची किंवा पाण्याची गरज नव्हती.

सकाळी तिनं मॅडमना विचारलं, काच तुम्हीच लावाल का. "हात कापतोय की काय?" मॅडम म्हणाल्या. "नाही," ती म्हणाली, "मला जे बघायचंय ते मला दिसेल." मॅडमनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, चिमटा सैल केला, तळाचं पाणी काचेवर घेतलं, आयोडीन टाकलं. ती मागे पेन घेऊन उभी राहिली. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी धुत होतं. मॅडमचा उजवा हात काच एका ओळीत सरकवत होता, ओळ संपली की खालची ओळ, पुन्हा उलट. पहिली काच झाली. दुसरी झाली. तिसऱ्या काचेवर हात मध्येच थांबला, मोठं भिंग फिरून जागेवर बसल्याचा आवाज आला, आणि मॅडम फार वेळ एकाच जागी पाहत राहिल्या. मग पुन्हा पहिल्या काचेपासून सगळं एकदा.

"लिही," त्या म्हणाल्या. "तीन दिवसांचा एकत्र नमुना, जमिनीला न लागलेला. दहा ग्रॅम. अळ्या, एकूण पाच. शेपटीला खाच असलेल्या, पाच."